ई-क्लास जमीन रिकामी नाही : ऊर्जा विभागास खुले पत्र

प्रति,
ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई,
तसेच विदर्भातील सर्व मा. जिल्हाधिकारी यांस

विषय : सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गावांच्या चराऊ जमिनी देण्याबाबत

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी आहे. माझी सात एकर शेती आहे, एक विहीर आहे आणि तिच्यावर पाच एचपीची मोटर आहे. खरिपात कापूस आणि तूर, आणि विहिरीत पाणी टिकेल त्या मानाने हरभरा, असे माझे पीक असते. हा तपशील सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की, ज्या योजनेतील एका गोष्टीविषयी मी ही तक्रार करीत आहे, त्याच योजनेचा मी लाभार्थी आहे. माझ्या मोटारीला दिवसा वीज मिळावी म्हणून ज्या जमिनीवर सौर पॅनेल उभी राहणार आहेत, ती जमीन माझी नाही. तिच्यावर ज्यांची ढोरे आणि बकऱ्या चरत आल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ना विहीर आहे, ना मोटर.

दिवसा विजेची मागणी आम्ही हौसेने केलेली नव्हती. कृषी फीडरला, म्हणजे शेतीच्या मोटारींना वीज देणाऱ्या वाहिनीला, एका आठवड्यात दिवसा आठ तास आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास, अशी वीज आम्ही वर्षानुवर्षे घेतली. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप उचलून दुसऱ्या ओळीत नेणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पायाखाली साप असतो, बांधावर रानडुकरे असतात, आणि आमच्या भागात त्याहून मोठे भयही असते. तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, ती अवनी नावाची वाघीण राळेगाव-पांढरकवडा भागात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, त्याआधीचे दोन हंगाम कित्येक गावांत रात्रीचे ओलीतच बंद होते. त्यामुळे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये जाहीर झाला, गावाजवळच्या वीज उपकेंद्राला जोडून लहान लहान सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची असे कळले, तेव्हा आमच्या पारावर समाधानच व्यक्त झाले. राज्यभरात अशा प्रकल्पांतून १६,००० मेगावॉट वीज उभी करण्याचे उद्दिष्ट आपण ठेवले आहे. मोठ्या धरणासाठी गावे उठवावी लागतात, कोळशासाठी शेते खणावी लागतात. त्या मानाने ही योजना साधी, विखुरलेली आणि गावाच्या आवाक्यातली आहे, असे माझे आजही मत आहे.

अडचण जमिनीची आहे, आणि ती योजनेच्या कागदावर दिसत नाही.

आमच्या गावाला साठ एकरांच्या आसपास ई-क्लास जमीन आहे. मंत्रालयात तिला गायरान म्हणत असतील. वऱ्हाडात ती ई-क्लास. उपकेंद्रापासून ती जवळ आहे, सपाट आहे, सातबाऱ्यावर सरकारचे नाव आहे, म्हणजे खरेदी नको, वारसांच्या सह्या नकोत, मोबदल्याचा वाद नको. प्रकल्पासाठी तिच्यातील पंचवीस एकर निश्चित झाले, ही बातमी आम्हांला ग्रामसभेतून समजली नाही. एके सकाळी मोजणीची माणसे आली, चुन्याच्या खुणा पडल्या, आणि गुराखी ढोरे घेऊन अर्ध्या वाटेतून परत आला. चौकशी करायला तालुक्याच्या ठिकाणी गेलो, तेव्हा संबंधित कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितले की, जमीन पडीक आहे, शासनाची आहे, गावाचे त्यात काही जात नाही. खरे सांगायचे तर, त्या दिवशी मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. तिथे माझे काही चरत नव्हते.

पुढच्या ग्रामसभेत त्या गुराख्याने जे विचारले, त्याला उत्तर देणारा एकही माणूस सभेत नव्हता. तो म्हणाला, "पडीक असन तं मंग माह्या बापानं तिथं जनमभर ढोरं काय चारले?"

महोदय, पडीक हा शब्द नांगराच्या बाजूने पाहिलेला शब्द आहे. ज्या जमिनीवर पेरणी होत नाही ती पडीक, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या ई-क्लासवर पावसाळ्यात गावातील शे-सव्वाशे ढोरे आणि त्याहून जास्त बकऱ्या चरतात. पहिल्या पावसानंतर बाया तिथून तरोट्याची भाजी खुडतात, उन्हाळ्यात वाळलेले शेण आणि काटक्या गोळा होतात, पळसाची पाने निघतात, आणि दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन येणारे धनगर तिथेच मुक्काम करतात. भूमिहीन कुटुंबाच्या घरातील चार बकऱ्या म्हणजे त्या घराची बँक असते. पोराची फी, दवाखाना, लग्न, सगळे त्या बकऱ्यांतून निघते. चारा विकत घेऊन बकरी पाळणे परवडत नाही. चराई गेली की आधी बकरी जाते आणि मग त्या घराला सावकाराचे दार दिसते. हे मी ऐकीव सांगत नाही. मोजणी झाल्यापासून आमच्या गावात तीन घरांनी आपल्या बकऱ्या बाजारात नेऊन विकल्या, कारण पुढच्या पावसाळ्यात चारायच्या कुठे, याचे उत्तर त्यांना मिळाले नाही.

असे आमचेच गाव नव्हे. वऱ्हाडातील अनेक पारधी बेडे, म्हणजे पारध्यांच्या वस्त्या, ई-क्लासवरच वसलेले आहेत. कोलाम आदिवासींच्या पोडांची, म्हणजे वस्त्यांची, ढोरे अशाच जमिनींवर जगतात. कितीतरी गावांत भूमिहीनांनी या जमिनींचे तुकडे दोन-दोन पिढ्यांपासून वाहिले आहेत. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले ते याच प्रश्नावर, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने स्वतः स्वीकारले होते. ज्यांचे कागद त्या वेळी झाले नाहीत, ते आजही अतिक्रमकच आहेत. त्यांना प्रकल्पाच्या नोटिशीला उत्तर द्यायलाही कागद नाही. पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाची, म्हणजे महसूल नोंदीत तशा नावाने असलेल्या खुरट्या झुडपांच्या जमिनींची, कथा याहून गुंतागुंतीची आहे. त्या जमिनी वनच मानाव्यात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे, त्यामुळे त्या बाजूच्या जिल्ह्यांत सौर प्रकल्पांसाठी उरलेल्या गायरानांवरचा भार वाढेल, अशी मला भीती वाटते.

कायदा आणि शासनाचे स्वतःचे निर्णय या बाबतीत मुके नाहीत. गावाच्या सामाईक जमिनी खासगी हातांत जाण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात निकाल दिला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढून, सार्वजनिक प्रयोजनासाठी दुसरी जमीन उपलब्धच नसेल तरच गायरानाचा विचार व्हावा, असे ठरविले. सौर प्रकल्प हे सार्वजनिक प्रयोजन आहे, हे मी मान्य करतो. परंतु आमच्या गावात दुसरी जमीन पाहिली गेली होती काय? उपकेंद्राच्या पाच किलोमीटरच्या आत अशी खडकाळ खासगी शेते आहेत की, ज्यांचे मालक ती भाड्याने द्यायला तयार होते. त्यांपैकी दोघांनी अर्ज केल्याचे मला माहीत आहे. जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांचे प्रकरण खास विदर्भासाठी ठेवलेले आहे. गावाने चराई, सरपण, माती, वाट यांचे कोणते हक्क वापरायचे, याची ती नोंद असते. मोजणीपूर्वी ते निस्तारपत्रक कोणी उघडून पाहिले का, एवढा एकच प्रश्न आपण संबंधितांना विचारावा. आणि राळेगाव, केळापूर, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांतील पेसा गावांत (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालील गावांत), तसेच वनहक्क कायद्याखाली चराईचा सामूहिक हक्क मागितलेल्या गावांत, ग्रामसभेला वगळून पुढे जाणे हा निव्वळ शिष्टाचाराचा भंग ठरत नाही.

आता पैशाकडे येतो, कारण या प्रकरणातील सर्वांत उघड अन्याय मला तिथे दिसतो. खासगी शेतकऱ्याने आपली जमीन या योजनेला दिली, तर त्याला वर्षाला हेक्टरी किमान १ लाख २५ हजार रुपये भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. शासकीय जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र १ रुपया भाड्याने मिळते. गावाच्या वाट्याला काय येते, तर ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकूण १५ लाख रुपये. आमच्या गावचे पंचवीस एकर म्हणजे दहा हेक्टर. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, त्या हिशेबाने हा पाच मेगावॉटचा प्रकल्प होतो. हेच दहा हेक्टर एखाद्या शेतकऱ्याचे असते, तर त्याला पहिल्याच वर्षी साडेबारा लाख मिळाले असते आणि ३ टक्के वाढ धरून पंचवीस वर्षांत साडेचार कोटींच्या आसपास रक्कम झाली असती. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला, मग गावातल्या एका शिक्षकाकडून तपासून घेतला. जमीन एकच, पॅनेल तेच, ऊन तेच; मालक एकटा असेल तर साडेचार कोटी, आणि सगळे गाव मालक असेल तर १५ लाख.

यावर असे म्हटले जाते की, गावाला दिवसा वीज मिळते हाच गावाचा लाभ. हा युक्तिवाद मीही आधी केला आहे. तो करताना मी गाव म्हणत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी विहीर होती. आमच्या गावातील निम्म्याहून जास्त शेते कोरडवाहू आहेत आणि मजुरीवर जगणाऱ्या घरांना कृषी फीडरचा काडीचा संबंध नाही. या प्रकल्पाने गावाचे दोन भाग झाले आहेत, आणि हे भांडण कंपनी विरुद्ध गाव असे नाही, हे आपण नीट समजून घ्यावे. एका बाजूला आम्ही ओलितवाले, ज्यांना वाटते की या लोकांनी विरोध केला तर प्रकल्प शेजारच्या गावात जाईल आणि आम्ही पुन्हा रात्री पाइप उचलत बसू. दुसऱ्या बाजूला ज्यांची ढोरे-बकऱ्या तिथे चरतात ते. मागच्या ग्रामसभेत याच मुद्द्यावर शिवीगाळ झाली. एका ओलितवाल्याने गुराख्याला म्हटले की, चार बकऱ्यांसाठी सगळ्या गावाचे नुकसान करू नको. आणि त्याच माणसाच्या शेतात गेली कित्येक वर्षे त्याच गुराख्याच्या कळपाचे खत पडत आले आहे. शेजारच्या तालुक्यात तर पोलीस बंदोबस्तात मोजणी झाली, त्यानंतर त्या गावात एकमेकांच्या लग्नाला जाणे बंद झाले, असे ऐकतो. सरकारने हे भांडण लावले, असा माझा आरोप नाही. परंतु ज्याचा फायदा आणि ज्याचे नुकसान असे दोघेही एकाच गल्लीत राहतात, त्यांच्यासमोर तयार नकाशा ठेवला आणि विचारविनिमयाला जागाच ठेवली नाही, तर दुसरे काय होणार?

विदर्भाला हा अनुभव नवा नाही, म्हणून आमचे कान लवकर टवकारतात. राज्याच्या दिव्यांसाठी लागणारा कोळसा वणी, चंद्रपूर, उमरेडच्या जमिनीतून निघाला. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याच चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळून ते देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत गणले गेले. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शिवारात पसरला. माझी आत्या वणीकडे दिलेली आहे. कोळशाच्या गाड्या जातात त्या रस्त्यालगतचा तिचा कापूस काळसर निघतो आणि व्यापारी त्याला प्रत कमी म्हणून भाव पाडून मागतो. त्या पट्ट्याने विजेसाठी काय दिले, याचा हिशेब कधी झाला नाही, आणि आता स्वच्छ ऊर्जेच्या नावाने दुसरा हिशेब त्याच पद्धतीने सुरू होतो आहे, अशी आमची भावना आहे. त्यात एक विसंगतीही आहे, ती सामान्य माणसालाही कळते. हवामान वाचविण्यासाठी चराईची जमीन सोडा, असे आम्हांला सांगितले जाते, आणि त्याच वेळी कोराडीला ६६० मेगावॉटचे आणखी दोन कोळशाचे संच उभारण्यासाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी घेतली जाते. देशाच्या स्थापित वीज क्षमतेत बिगर-जीवाश्म (सूर्य, वारा, पाणी, अणू अशा) स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचाच आहे, म्हणजे गुराख्याची जमीन गेली तरी आत्याचा कापूस काळाच राहणार.

तरीही कोळशाच्या बाबतीत एक गोष्ट झाली, जी सूर्याच्या बाबतीत अजून झालेली नाही. खनिज कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, आणि खाण चालविणाऱ्याला स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) १० किंवा ३० टक्के एवढी रक्कम बाधित भागासाठी भरावी लागू लागली. तो निधी कुठे खर्च होतो यावर भरपूर भांडता येईल, आणि आमच्याकडचे लोक भांडतातही. परंतु ज्या मातीतून वीज निघते त्या मातीवरच्या माणसांचा त्यात हिस्सा आहे, हे तत्त्व तरी कायद्याने मानले. पाच मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून वर्षाला साधारण ८० लाख युनिट वीज निघावी. त्यावर युनिटमागे पाच पैसे जरी गावासाठी ठेवले, तरी वर्षाला चार लाख होतात, आणि ते तीन वर्षे न राहता प्रकल्प चालेल तोवर राहतात. हा हिस्सा ग्रामपंचायतीच्या सामान्य निधीत मिसळून रस्त्याच्या गिट्टीत जाऊ नये. तो चराई गमावणाऱ्या कुटुंबांच्या चाऱ्यासाठी, उरलेल्या ई-क्लासच्या सुधारणेसाठी आणि पाण्याच्या टाक्यांसाठी बांधलेला असावा.

पाण्याचा उल्लेख निघालाच आहे, तर तोही सांगतो. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून ती धुवावी लागतात, आणि धूळ सर्वांत जास्त असते ती मार्च ते मे मध्ये, म्हणजे आमच्या विहिरी तळाला जातात तेव्हा. ते पाणी कुठून घेणार, हे प्रकल्पाच्या कागदांत लिहिलेले असावे आणि गावाला दाखविले जावे.

विजेच्या मनोऱ्यांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे आणि केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी ३० टक्के मोबदल्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, म्हणून त्यात मी शिरत नाही. मात्र एवढे म्हणतो की, तारेखालच्या शेतकऱ्याचा मोबदला आंदोलने करून वाढला. गुराख्याकडे सातबारा नाही, म्हणून त्याच्या मोबदल्याचा दरही कुठे लिहिलेला नाही.

आमची मागणी प्रकल्प रद्द करण्याची नाही. ग्रामसभेसमोर प्रकल्पाचा नकाशा आणि गावाचे निस्तारपत्रक दोन्ही एकाच वेळी ठेवावीत, आणि ठराव होईपर्यंत काम थांबवावे. उपकेंद्राच्या परिसरात भाड्याने द्यायला तयार असलेल्या खासगी जमिनी आधी पाहाव्यात. ई-क्लासच घ्यावी लागली, तर तिचे भाडे खासगी जमिनीच्या दराने गावाला मिळावे. शासन मालक आहे म्हणून १ रुपया, हा नियम गावाच्या सामाईक जमिनीला लावू नये. आखरापासून, म्हणजे ढोरे गोळा होतात त्या जागेपासून, उरलेल्या चराईपर्यंत ढोरांची वाट आणि पांदण मोकळी राहावी, कारण कुंपण आडवे आले तर उरलेले पस्तीस एकरही असून नसल्यासारखे होतात. पॅनेलचे सांगाडे थोडे उंच घेतले तर त्यांच्या खाली मेंढ्या चरू शकतात आणि गवत कापण्याचा खर्चही वाचतो. हे करून पाहण्यासारखे आहे, निदान एका गावात. राखणदारी, गवतकापणी आणि धुलाईची कामे ज्यांची चराई गेली त्याच घरांना प्रथम द्यावीत, हेही करारात लिहिता येईल. आमच्या गुराख्याने मला विचारले होते की, तिथे चौकीदार म्हणून आपल्याला ठेवतील का. मी त्याला उत्तर दिले नाही, कारण ते उत्तर माझ्याकडे नाही, आपल्याकडे आहे.

येत्या २ ऑक्टोबरला आमच्या ग्रामसभेत हा विषय पुन्हा घेतला जाणार आहे. आपल्या विभागाचा एक आणि महसूल विभागाचा एक, असे दोन अधिकारी त्या दिवशी उपस्थित राहावेत, अशी विनंती आहे. सभा सकाळी नऊला सुरू होईल, कारण दहानंतर गुराख्याला ढोरे घेऊन निघावे लागते. येताना मोजणीचा नकाशा आणावा.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक ओलितवाला शेतकरी